दहा तळी की एकच खोरे?

प्रश्न : आमची मुलगी मँचेस्टरला असते. येत्या जूनमध्ये आम्ही दोघे तिच्याकडे जाणार आहोत आणि तिथून लेक डिस्ट्रिक्ट पाहायचे मनात आहे. साठी ओलांडली आहे. रोज चालतो, पण आता कळसूबाई झेपणार नाही. एका दिवसात दहा तळी दाखवणारी सहल असते म्हणे. तेवढे पुरे होईल का? गाडी भाड्याने घ्यावी लागेल का? आणि एक कुतूहल : एवढ्याशा मुलखात इतकी तळी आली कुठून?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीच्यांची उत्तरे त्याच्या पोटात आहेत.

आपल्याकडे डोंगरातले मोठे पाणी म्हणजे बहुतेक वेळा धरण. भंडारदरा घ्या, गंगापूर घ्या, दारणा घ्या, माणसाने भिंत घातली म्हणून तिथे पाणी थांबले. इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यातला हा मुलूख मात्र हिमयुगात पुनःपुन्हा बर्फाखाली गेला. मधल्या उंच डोंगरांवरून हिमनद्या चहूकडे सरकल्या. नद्यांच्या जुन्या दऱ्या त्यांनी खरवडून खोल केल्या आणि निघालेला दगडगोटा पुढे नेऊन बऱ्याच ठिकाणी दरीच्या तोंडाशी टाकला. सुमारे साडेअकरा हजार वर्षांपूर्वी उरलासुरला बर्फ गेला आणि त्या खळग्यांत पाणी राहिले. सुमारे १७ किलोमीटर लांबीचे विंडरमिअर हे इंग्लंडमधले सर्वांत मोठे नैसर्गिक तळे. त्याचा तळ समुद्रसपाटीच्याही खाली आहे. सह्याद्रीवर असा बर्फ कधी साचला नाही, म्हणून आपल्याकडे अशी तळी नाहीत.

बर्फ मध्यातून बाहेर सरकला, त्यामुळे तळीही लांबट आणि बाहेरच्या दिशेने पसरलेली आहेत. विल्यम वर्ड्‌स्वर्थ इथलाच. त्याने या भागाची प्रवासमार्गदर्शिकाही लिहिली होती आणि तीत या दऱ्यांना चाकाच्या आऱ्यांची उपमा दिली आहे. सहल आखताना ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुष्कळ झाले. एका आरीवरून शेजारच्या आरीवर जायचे तर मध्ये डोंगराची धार आडवी येते. बॉरोडेल खोऱ्याच्या टोकाच्या सीथवेटहून वॉस्टवॉटर तळ्याच्या वरचे वॉसडेल हेड गाव खिंडीतून पायी काही तासांत गाठता येते. मोटारीने मात्र साऱ्या डोंगरांना वळसा पडतो. म्हणून दहा तळ्यांच्या सहलीचा बराचसा दिवस गाडीच्या काचेमागे जातो. उतरायचे, फोटो काढायचे, पुन्हा चढायचे. तुम्ही रोज चालणारी माणसे आहात. त्या सहलीवर पैसे घालू नका. एकच खोरे निवडा आणि निदान तीन रात्री तिथे राहा.

कोणते? माझे मत बॉरोडेल, मुक्काम केझिक गावी. मँचेस्टरहून पेनरिथपर्यंत थेट रेल्वे मिळते आणि पेनरिथहून केझिकला बस. गावातून दहा-पंधरा मिनिटे चालले की डरवेंटवॉटरचा काठ लागतो. या तळ्यात लाँच दोन्ही दिशांनी फेऱ्या मारतात आणि काठावरच्या धक्क्यांवर थांबतात. तुमच्यासाठी यासारखी सोय दुसरी नाही : पाय चालतील तितके काठाने चाला, थकलात की पुढच्या धक्क्यावरून लाँच धरून परत या. तळ्याची अख्खी प्रदक्षिणा सुमारे १६ किलोमीटरची आहे. ती एका दिवसात करण्याचा हट्ट नको. कॅटबेल्स नावाचा डोंगर फक्त ४५१ मीटरचा आहे असे वाचून मोह होईल, पण माथ्याजवळ खडकाला हात लावून चढावे लागते. गुडघे कुरकुरत असतील तर तो सोडा. त्यापेक्षा एका संध्याकाळी गावाजवळच्या कॅसलरिगला जा. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी रोवलेल्या शिळांचे ते वर्तुळ आहे आणि चारी बाजूंना डोंगर. जूनमध्ये तिथे रात्री पावणेदहापर्यंत सूर्य मावळत नाही, म्हणून जेवून निघालात तरी चालेल.

केवळ एकच दिवस हाती असेल तर मात्र विंडरमिअर. रेल्वे तिथे १८४७ पासून पोहोचलेली आहे, त्यामुळे सर्वांत सोपे तेच आणि गर्दीही सर्वांत जास्त तिथेच.

आता पाऊस. नाशिककराला हे एका वाक्यात कळेल : सीथवेट म्हणजे तिकडची इगतपुरी आणि केझिक म्हणजे नाशिकच्या बाजूचे. अटलांटिकवरून येणारे दमट वारे या डोंगरांवर आदळतात. सीथवेटला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर पंधरा किलोमीटरच्या आत असलेल्या केझिकला साधारण त्याच्या निम्मा. फरक इतकाच की तिथे पावसाचे चार महिने वेगळे नाहीत. तो बारमाही आहे, हिवाळ्यात अधिक. त्या मानाने एप्रिल ते जून बरे. जुलैच्या शेवटी शाळांना सुटी लागते, मग गर्दी आणि दर दोन्ही चढतात. तेव्हा जून तुम्ही उत्तम निवडला आहे. पण छत्रीवर विसंबू नका, डोंगरावरच्या वाऱ्यात ती टिकत नाही. टोपीचे जलरोधक जाकीट, तशीच वरून चढवायची पँट आणि घट्ट पकडीचे बूट मँचेस्टरलाच घ्या. इंग्लंडचे सर्वोच्च शिखर स्काफेल पाइक ९७८ मीटरचे, कळसूबाईपेक्षा कितीतरी बुटके. तरी भर उन्हाळ्यातही वर गारठा आणि धुके माणसाला अडवून ठेवते. धोधो लागलाच तर केझिकमध्ये पेन्सिलींचे संग्रहालय आहे. बॉरोडेलमध्ये सोळाव्या शतकात शुद्ध ग्रॅफाइट सापडले आणि पेन्सिलीचा धंदा तिथून वाढला.

गाडी घेऊ नका. रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना चुन्याशिवाय रचलेले दगडी गडगे, आणि उन्हाळ्यात गाडी लावायला जागा मिळत नाही. हार्डनॉट घाटात तर काही ठिकाणी तीन फुटांमागे एक फूट चढ आहे. केझिक, ग्रासमिअर, अँबलसाइड, विंडरमिअर ही गावे ५५५ क्रमांकाची बस जोडते. एक दिवस तिच्यातून ग्रासमिअरला जा. वर्ड्‌स्वर्थचे डव्ह कॉटेज तिथेच आहे.

त्या बसच्या वाटेत थर्लमिअर लागते. हे मात्र आपल्यासारखे आहे : मँचेस्टरच्या तहानेसाठी भिंत घालून वाढवलेले तळे. त्याचे पाणी दीडशे किलोमीटरहून लांबच्या जलवाहिनीने १८९४ साली शहरात पोहोचले. मुंबईला पाणी देणारे तानसा धरण १८९२ चे, म्हणजे अगदी त्याच काळातले. तळे धरणाखाली घालू नये म्हणून तिथे मोठा विरोध झाला होता. विरोधक हरले, पण त्यांच्यापैकी हार्डविक रॉन्सली हे पाद्री पुढे १८९५ साली नॅशनल ट्रस्ट स्थापणाऱ्या तिघांत होते. आज डरवेंटवॉटरचा बराचसा काठ या संस्थेने राखला आहे आणि म्हणूनच तो तुम्हाआम्हाला मोकळा आहे. वाट शेतांतून जाते तिथे फाटक उघडून गेलात की मागे लावून घ्या. आत मेंढ्या असतात.

राहायला बेड अँड ब्रेकफास्ट बघा. सुटीची घरे उन्हाळ्यात बहुधा आठवड्याच्या हिशेबाने देतात, ती तीन रात्रींसाठी मिळणे कठीण. शाकाहारी असाल तर खोली ठरवतानाच सांगा, न्याहारी तशी करून देतात. खेड्यातल्या पबचे स्वयंपाकघर रात्री लवकर बंद होते, तेव्हा साडेसातच्या आत जेवायला बसा. आणि खोली आजच ठरवायला लागा, शनिवार-रविवार टाळून. सोमवार ते गुरुवार दर कमी असतात आणि लाँचमध्ये खिडकीची जागाही मिळते.