दम वाढवायचा तर वेग कमी करा

पोलीस भरतीची चाहूल लागली की आपल्या नेर तालुक्यात पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी मुले-मुली दिसू लागतात. पहिला आठवडा उत्साहात जातो. दुसऱ्या आठवड्यात कोणाची नडगी दुखते, कोणाच्या बरगडीखाली कळ येते. तिसऱ्या आठवड्यात 'आपल्यात दमच नाही' असे म्हणून बरेच जण घरी बसतात. चाळिशीनंतर डॉक्टरांनी साखर किंवा रक्तदाब सांगितला म्हणून धावायला निघालेल्या गृहस्थांचेही असेच होते. वास्तविक दम हा सरावाने वाढतो. बहुतेकांचे चुकते ते एकाच ठिकाणी. ते पहिल्या दिवसापासून फार वेगाने धावतात.

यामागचे कारण समजण्यासारखे आहे. पोलीस शिपाई भरतीच्या ५० गुणांच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर व महिलांना ८०० मीटर धावावे लागते आणि त्याला २० गुण असतात. पैकीच्या पैकी गुण हवे असतील तर पुरुषांनी ५ मिनिटे १० सेकंदांत आणि महिलांनी २ मिनिटे ५० सेकंदांत अंतर संपवावे लागते. हा आकडा डोळ्यांपुढे असल्याने मुले पहिल्याच दिवशी घड्याळ लावून पळतात आणि तेथेच फसतात.

दम म्हणजे काय?

धावताना स्नायूंना प्राणवायू लागतो. तो फुप्फुसातून रक्तात येतो आणि हृदय ते रक्त स्नायूंपर्यंत पोहोचवते. बेताच्या वेगाने नियमित धावल्यास हृदय एका ठोक्यात अधिक रक्त फेकू लागते, स्नायूंत रक्ताच्या बारीक केशवाहिन्या वाढतात आणि स्नायू प्राणवायूचा अधिक चांगला उपयोग करू लागतात. यालाच आपण दम वाढला असे म्हणतो. शक्तीपलीकडच्या वेगाने धावल्यास स्नायूंना प्राणवायू पुरत नाही, छाती भात्यासारखी चालते आणि चार-पाच मिनिटांत थांबावे लागते. एवढ्या थोड्या वेळात दम वाढण्याजोगा सराव होतच नाही.

दुसरी गोष्ट अशी की हृदय व स्नायू काही आठवड्यांत सुधारतात, पण हाडे व स्नायूबंध बळकट व्हायला महिने लागतात. म्हणून उत्साहाच्या भरात अंतर वाढवले की नडगी व गुडघे दुखू लागतात.

योग्य वेग कसा ओळखावा? सोबत्याशी एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग कमी करावा किंवा चालावे. चालण्यात कमीपणा मुळीच नाही.

न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांचे शिष्य पीटर स्नेल यांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. शर्यत दोन मिनिटांच्या आतली. पण त्यासाठी लिडियार्ड आपल्या शिष्यांकडून आठवड्याला सुमारे १६० किलोमीटर धावण्याचा सराव करवून घेत. आधी दमाचा पाया, नंतर वेग, हा त्यांचा क्रम होता. आपल्याला एवढे अंतर धावायचे नाही, क्रम मात्र तोच ठेवायचा आहे.

दहा आठवड्यांचा क्रम

आठवड्यातून चार दिवस पुरेत. मध्ये विश्रांतीचे दिवस ठेवावेत. प्रत्येक वेळी आधी दहा मिनिटे झपझप चालावे आणि शेवटी पाच मिनिटे सावकाश चालावे.

आठवडा १ व २ : १ मिनिट धावणे, २ मिनिटे चालणे, असे ८ वेळा.

आठवडा ३ व ४ : २ मिनिटे धावणे, २ मिनिटे चालणे, असे ६ वेळा.

आठवडा ५ व ६ : ५ मिनिटे धावणे, २ मिनिटे चालणे, असे ४ वेळा.

आठवडा ७ व ८ : १० मिनिटे धावणे, २ मिनिटे चालणे, असे २ वेळा.

आठवडा ९ व १० : २० मिनिटे न थांबता धावणे.

एखादा टप्पा जड गेला तर तोच पुन्हा करावा. वीस मिनिटे सहज जमू लागल्यावर आठवड्यातून एक दिवस वेगासाठी ठेवावा. मैदानावर ४०० मीटर वेगाने धावून तीन मिनिटे चालावे. असे चार वेळा. हे सर्व नीट व्हायचे तर भरतीआधी चार-पाच महिने तरी सुरुवात हवी. जाहिरात निघाल्यावर धावायला लागणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खोदणे होय.

ऊन, चिखल आणि वाहने

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४२ अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत सूर्योदयापूर्वीच धावणे उरकावे आणि नंतर मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी घ्यावे. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, तोवर वेळ निम्मा करावा. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल बुटांना चिकटून पाय मुरगळतो, म्हणून मैदान किंवा पक्की वाट निवडावी. रस्त्याने जावेच लागले तर उजव्या कडेने धावावे, म्हणजे समोरून येणारे वाहन दिसते. अंधारात पांढरे कपडे घालावेत. बूट महागडे नसले तरी चालतील, पण तळ झिजलेले नसावेत.

आधी तपासणी

२०२३ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत १६०० मीटर धावल्यानंतर एका उमेदवाराचा मृत्यू झाला. म्हणून काही गोष्टी अंगावर काढू नयेत. धावताना छातीत दुखणे, चक्कर येणे, शुद्ध हरपणे किंवा घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणे, यांपैकी काहीही असल्यास प्रथम डॉक्टरांना भेटावे. चाळिशीपुढच्यांनी आणि मधुमेह, रक्तदाब असणाऱ्यांनीही तसेच करावे.

विदर्भात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. सरकारी रुग्णालयात त्याची तपासणी होते. केवळ वाहक असणाऱ्यांना धावण्यास मनाई नाही. मात्र सवय नसताना, उन्हात, पाणी न पिता एकदम जीव तोडून धावणे त्यांना घातक ठरू शकते. सिकलसेलच्या रुग्णांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय असा सराव करू नये. मुलींचा दम सराव करूनही वाढत नसेल तर हिमोग्लोबिन तपासावे; बऱ्याचदा कमी असते ते रक्त. ताकदीची म्हणून कोणी दिलेली गोळी किंवा इंजेक्शन कदापि घेऊ नये.

मन टिकवायचे कसे?

धावण्याची वेळ ठरलेली असावी आणि सोबत असावी. कोणी वाट पाहत आहे म्हटल्यावर अंथरूण सुटते. मुलींनी दोघी-तिघींनी मिळून जावे. आईने सोबत चालायला जावे, तिचीही तब्येत सुधारेल. एका वहीत रोज किती मिनिटे धावलो ते लिहावे. महिन्याने मागची पाने चाळली की प्रगती दिसते. अगदीच कंटाळा आला तर 'फक्त दहा मिनिटे चालून येतो' म्हणून बाहेर पडावे. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट धावू नये.

बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे सैन्यात दाखल झाल्यानंतर शर्यतीकडे वळले. त्यांनी २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचे रौप्यपदक आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. सुरुवात उशिरा झाली म्हणून बिघडत नाही. तेव्हा उद्या पहाटे घड्याळ मिनिटे मोजण्यापुरतेच वापरा. किती अंतर गेले याचा हिशेब दहा आठवड्यांनी करू.