पंडितांचा वाद आणि राजांचा वाद



सेनगाव तालुक्यातील महाविद्यालये आज नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात येतात. हे विद्यापीठ १९९४ साली स्थापन झाले. त्याआधी सेनगावचा हा भाग परभणी जिल्ह्यात होता आणि आपली मुले औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाची पदवी घेत. त्या विद्यापीठाच्या नामांतराचा लढा घरातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्यातून काय शिकावे, हे आज पाहू.

१. नागसेनांची अट

ग्रीक राजा मिलिंद भिक्खू नागसेनांशी वाद करू इच्छित होता. नागसेनांनी अट घातली : पंडितासारखा वाद करणार असाल तर करीन, राजासारखा करणार असाल तर नाही. फरक काय? पंडितांच्या वादात चूक दाखविली जाते, ती मान्य केली जाते आणि कोणी रागावत नाही. राजा मात्र आपले म्हणणे न मानणाऱ्यास दंड करतो. मिलिंदाने अट मान्य केली. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले, त्याला पुढे याच मिलिंदाचे नाव दिले. परिसराला नागसेनवन म्हटले. विद्येचे स्वातंत्र्य ते हेच.

२. ही अट कोणी मोडली?

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. विद्यार्थी दोन्ही बाजूंना होते. नामांतराला विरोध करणे हा कोणाचाही हक्क होता. सभेत बोलावे, लेख लिहावा, मोर्चा काढावा. पण मराठवाड्यात गावोगावी आपल्या वस्त्या पेटविल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. ज्यांनी विद्यापीठाची पायरीही पाहिली नव्हती, त्यांना विद्यापीठाच्या नावासाठी दंड झाला. तो वाद नव्हता. ती राजाची शिक्षा होती.

आपले तरुण सभा, मोर्चे, सत्याग्रह करीत राहिले, तुरुंगात गेले. पंधरा वर्षांहून अधिक काळाने, १४ जानेवारी १९९४ रोजी, 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाला.

३. आपले कर्तव्य

संविधानाच्या कलम १९ ने बोलण्याचा आणि शस्त्रांविना शांततेने जमण्याचा हक्क दिला आहे. तो विद्यार्थ्यालाही आहे, आणि आपल्याविरुद्ध बोलणाऱ्यालाही. त्याच्या म्हणण्याला उत्तर द्या, त्याच्या अंगावर जाऊ नका. आपण तसे गेलो, तर नागसेनांची अट आपणच मोडू.

याची सुरुवात घरातून होते. केसपुत्तच्या कालामांना भगवान बुद्धांनी सांगितले की केवळ परंपरा आहे किंवा गुरू म्हणतो म्हणून काही मानू नका. मग मुलीने "हे असेच का?" असे विचारले तर "गप्प बस" म्हणणारा बाप कोणाचा धम्म पाळतो? घरात जिचे तोंड बंद केले, ती वर्गात हात वर कसा करील? मोर्च्याला निघालेल्या मुलाला अडवू नका. पण मागणी काय, ती कोणाकडे आणि तिला आधार काय, हे त्याच्याकडून ऐकून घ्या. त्याला नीट सांगता आले, तर त्याचा अभ्यास झाला असे समजा.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१) पंडितांच्या व राजांच्या वादात फरक कोणता?
२) १९७८ साली विरोधाचा हक्क कोठे संपला आणि अन्याय कोठे सुरू झाला?
३) या पंधरवड्यात आपल्या घरात कोणाचा प्रश्न न ऐकताच थांबविला गेला?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी मुलांना देऊ द्या.