रेव्हरंड टिळकांची ख्रिस्तानुभूती : ग्रंथवाचन आणि प्रार्थना

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचा परिचय अभ्यासक्रमांतून बहुधा 'फुलामुलांचे कवी' म्हणून होतो. त्यांची ख्रिस्तभक्तिपर रचना मात्र 'ख्रिस्ती साहित्य' या वेगळ्या कप्प्यात ठेवली जाते. या विभागणीमुळे एक वाङ्मयीन प्रश्न दुर्लक्षित राहतो. ख्रिस्ताविषयी जाणणे आणि ख्रिस्ताला जाणणे यांतील अंतर टिळकांनी कोणत्या भाषेत ओलांडले? त्यांनी केलेला अभंगाचा स्वीकार हे केवळ धर्मप्रसाराचे साधन होते काय, याचे उत्तरही या प्रश्नाशी निगडित आहे.

टिळकांच्या शोधाचा आरंभ वाचनाने झाला. १८९३ च्या सुमारास राजनांदगावला जाताना आगगाडीतील एका परदेशी सहप्रवाशाने त्यांना 'नवा करार' दिला. त्यातील पर्वतावरील प्रवचनाशी येताच ग्रंथ खाली ठेवणे त्यांना अशक्य झाले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाची किंमत कुटुंबाने मोजली. पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. एकाची अनुभूती दुसऱ्याला वारसाहक्काने मिळत नाही, हे 'स्मृतिचित्रे'च्या वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही.

वाचनातून आलेल्या या ओळखीला संवादाचे रूप दिले ते अभंगाने. तुकोबांच्या वाणीनेच आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणले, असे टिळक मानीत. फादर स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'त (१६१६) ख्रिस्त हा मुख्यतः कथेचा नायक आहे. टिळकांच्या अभंगांत तो संबोधनाचा विषय होतो. 'तो' जाऊन 'तू' येतो. माता आणि गुरू या दोन्ही नात्यांनी ख्रिस्ताला हाक मारण्याची सलगी वारकरी परंपरेनेच मराठी कवीला शिकविलेली आहे. म्हणून अभंग हे येथे निव्वळ पात्र नव्हे. त्या नात्याचे व्याकरणच त्यातून आले आहे.

तथापि एक भेद लक्षात घ्यावा लागतो. वारकऱ्यासमोर पंढरीची विटेवरील मूर्ती असते. टिळकांच्या उपासनेत मूर्ती नाही. तेथे दर्शनाची जागा शुभवर्तमानातील प्रसंग घेतात. साहजिकच वाचनावाचून प्रार्थनेला रूप लाभत नाही आणि प्रार्थनेवाचून वाचन माहितीपुरते उरते. टिळकांच्या निधनाने अपुरे राहिलेले व लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलेले 'ख्रिस्तायन' आणि टिळकांचे अभंग ही या दृष्टीने परस्परपूरक रचना ठरतात.

या अनुभूतीला सामुदायिक रूप देण्याचा प्रयत्न साताऱ्यात झाला. सातारा-सांगली परिसरात मिशनचे कार्य पूर्वीपासून होते, मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांचे रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झाले होते. टिळकांनी मात्र १९१७ मध्ये मिशनची सवेतन सेवा सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात अभिप्रेत होते. सभासदत्वाहून शिष्यत्व श्रेष्ठ, ही त्यामागील धारणा. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले आणि हा प्रयोग विकसित होण्यास अवधी मिळाला नाही.

दरबार अल्पायुषी ठरला, तरी त्यामागील प्रेरणा अभंगांत शाबूत आहे. त्यामुळे या अभंगांचा अभ्यास धर्मांतराच्या इतिहासापुरता मर्यादित ठेवणे अपुरे होय. मराठी भक्तिकवितेच्या प्रवाहातच त्यांचे स्थान निश्चित केले पाहिजे.