‘काळजी नसावी’ एवढ्याने भागत नाही

दिवाळीची सुट्टी संपवून मुलं निवासी शाळेत परतली की पार होळीपर्यंत माझ्याकडे एका ठरावीक प्रकारची विचारणा येत राहते. मूल तिकडे डोंगरावर आणि आई-वडील इकडे माझ्यासमोर. मोबाईलवर शाळेचा निरोप असतो : ‘आपल्या पाल्याला किंचित ताप आहे. औषध दिले आहे. काळजी नसावी.’ आणि आईचा प्रश्न, ‘डॉक्टर, आम्ही निघू का?’ किंचित म्हणजे किती, औषध कोणतं, ताप कधीपासून, मूल जेवतंय का, यातलं काहीच त्या निरोपात नसतं. मग रात्रभर घरात कुणाचा डोळा लागत नाही. बहुतेक वेळा तेवढ्या काळजीची गरज नसते. क्वचित एखाद्या वेळी मात्र तातडीने निघायलाच हवं असतं, आणि तेही त्या निरोपावरून कळत नाही.

खासगी निवासी शाळा फी घेतात, माहितीपत्रक छापतात, स्नेहसंमेलनाचे फोटो वेळेवर पाठवतात. आजारी मुलाची माहिती मात्र अजून पुष्कळ ठिकाणी सौजन्य म्हणून दिली जाते. ती उपचाराचा भाग आहे, असं मला कळकळीने सांगायचं आहे. घरी एकच माणूस रात्रभर कपाळावर हात ठेवून बसतं, त्यामुळे संध्याकाळपेक्षा पहाटे मूल बरं आहे की खालावलंय हे त्याला आपोआप कळतं. शाळेत हेच काम हाउसमास्टर, मेट्रन, नर्स आणि आठवड्यातून एक-दोनदा येणारे डॉक्टर अशा चौघांत वाटलेलं असतं. लिहून ठेवलं नाही, तर एकाने पाहिलेलं दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाही. पालकांना नीट निरोप पाठवायचा म्हटलं की कुणीतरी नीट पाहून, नीट लिहून काढतं. त्याचा पहिला फायदा मुलालाच होतो.

पाचगणीचंच उदाहरण घेते. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर. इंग्रजांच्या काळात जॉन चेसन यांनी वसवलेलं हे ठिकाण हवेसाठी नावाजलं. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली क्षयरुग्णांसाठी बेल एअर आरोग्यधाम इथेच काढलं. शाळाही याच हवेपायी इथे वाढल्या. ती हवा आजही चांगली आहे आणि नुसत्या गारठ्याने मूल तापत नाही. सर्दी-ताप येतो तो विषाणूंमुळे. पण थंडी पडली की खिडक्या घट्ट लागतात, एका दालनात वीस-पंचवीस मुलं झोपतात, आणि एकाचा खोकला चार दिवसांत सगळ्या खोलीचा होतो. शेजारी महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याचा फोटो पेपरात आला की पालकांचे फोन वाढतात. मी त्यांना सांगते, स्वेटर किती हे जरूर विचारा, पण त्याआधी रात्री वरची झडप उघडी असते का, दोन खाटांमध्ये हातभर तरी अंतर आहे का, आणि ताप आलेल्या मुलाला वेगळं ठेवायला जागा आहे का, हे विचारा.

आता चांगला निरोप कसा असतो ते पाहा. एका मेट्रनबाईंचे निरोप मी पालकांच्या मोबाईलवर वाचत आले आहे. ते साधारण असे असतात :

‘काल रात्री ९ ला ताप १०१.४. वजन ३४ किलो, पॅरासिटामॉल ५०० ची एक गोळी दिली. पहाटे ५ ला ताप ९९.६. नाक वाहतंय, खोकला कोरडा, श्वासाला त्रास नाही. सकाळी अर्धी वाटी पेज, दोन पेले कोमट पाणी घेतलं. लघवी दोनदा झाली. आज वर्गात पाठवत नाही. १२ वाजता डॉक्टर बघतील, १ पर्यंत कळवते.’

हे टाईप करायला दोन मिनिटं लागतात, पण यातला प्रत्येक शब्द मला उपयोगाचा आहे. वजन आहे म्हणून मात्रा बरोबर आहे हे कळतं. पॅरासिटामॉल किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम द्यायचं, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तास जाऊ द्यायचे आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त मात्रा द्यायच्या नाहीत. लघवी झाली म्हणजे अंगात पाणी पुरेसं आहे. श्वासाबद्दल लिहिलंय म्हणजे कुणीतरी श्वास पाहिला आहे. आणि ‘१ पर्यंत कळवते’ या शब्दांनी आईचा जीव भांड्यात पडतो, ती दर अर्ध्या तासाने फोन करत नाही, मेट्रनलाही मुलाकडे बघायला सवड मिळते.

इथेच पालकांना एक विनंती. मुलाच्या ट्रंकेत कपड्यांखाली तापाच्या गोळ्या, खोकल्याचं औषध लपवून देऊ नका. नर्सने एक गोळी द्यायची आणि मुलाने पांघरुणात आईने दिलेली दुसरी घ्यायची, असं घडलं तर पॅरासिटामॉल दुप्पट होतं. सर्दी-खोकल्याच्या कित्येक तयार औषधांतही तेच असतं. ॲस्पिरिन तर फ्लू किंवा कांजिण्यांच्या तापात मुलांना अजिबात द्यायचं नाही, त्याने यकृत आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. घरून काही द्यायचंच असेल तर नर्सच्या हाती, लेबलासकट द्या.

निघायचं कधी? पाच वर्षांवरचं मूल शांत बसलेलं असताना श्वास मिनिटाला तीसच्या वर जात असेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, धापेमुळे वाक्य पुरं होत नसेल, बोटावरच्या ऑक्सिमीटरवर आकडा ९४ च्या खाली असेल, मूल गुंगीत असेल किंवा असंबद्ध बोलत असेल, डोकं प्रचंड दुखून मान आखडली असेल, दाबल्यावर न जाणारे जांभळे ठिपके अंगावर उठले असतील, आठ-दहा तास लघवी झाली नसेल, तर शाळेने तुमची वाट पाहत बसू नये. आधी मूल रुग्णालयात, गरज पडली तर १०८ ची रुग्णवाहिका, आणि फोन वाटेतून. याची लेखी संमती जूनमध्येच देऊन ठेवा. ताप तीन दिवसांपुढे गेला, किंवा एकदा उतरून एक-दोन दिवसांनी पुन्हा चढला, तरी त्याच दिवशी डॉक्टरांनी तपासायला हवं.

शाळांना मी बोल लावते तसा पालकांनाही लावते. प्रवेश हुकेल या भीतीने फॉर्मवर ‘कोणताही आजार नाही’ असं लिहिणारे पालक कमी नाहीत. दमा लपवतात, लहानपणीचे झटके लपवतात, शेंगदाण्याची किंवा अंड्याची ॲलर्जी लपवतात. दम्याच्या मुलासाठी डिसेंबरातली पहाटेची पीटी म्हणजे थंड, कोरडी हवा तोंडाने आत ओढत धावणं. हे शाळेला ठाऊक असेल तर पळण्याआधी निळा पंप, तोंडावर मफलर आणि हळूहळू वेग वाढवणं एवढ्यावर मूल मजेत पळतं. ठाऊक नसेल तर पीटीचे सर त्याला आळशी समजतात, आणि मूल शरमेपोटी धाप दडवतं. निळा पंप धाप लागली की लगेच घ्यायचा, रोजचा प्रतिबंधक पंप बरं वाटत असलं तरी सोडायचा नाही, आणि दोन्ही स्पेसर लावूनच घ्यायचे. निळा पंप चार तासांच्या आत पुन्हा लागला तर मुलाला डॉक्टरकडे न्यायचं. एवढ्या चार ओळी तुमच्या डॉक्टरांकडून मराठी-इंग्रजीत लिहून घ्या आणि मेट्रन, नर्स, पीटीचे सर अशा तिघांना द्या. निळा पंप मुलाच्या खिशात हवा. ऑफिसच्या कुलपातला पंप रात्री दोन वाजता उपयोगाचा नाही.

अंथरूण ओलं होणं हीही अशीच लपवलेली गोष्ट. सात वर्षांच्या शंभर मुलांतली पाच ते दहा रात्री अंथरूण ओलं करतात. थंडीत उठून लांबच्या संडासापर्यंत जायचा कंटाळा, त्यात घरची आठवण, म्हणून ते वाढतं. मेट्रनला आधी कानात सांगितलेलं असलं की चादर गाजावाजा न करता बदलली जाते.

आता ज्याबद्दल शाळा सर्वांत कमी बोलतात त्या खरजेबद्दल. हिवाळ्यात मुलं एकमेकांच्या दुलईत शिरतात, स्वेटर-टोप्या बदलून घालतात, आंघोळीला टाळाटाळ करतात, आणि खरजेचा किडा हाताला हात लागून पसरतो. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेपाशी बारीक पुटकुळ्या येतात आणि रात्री पांघरुणात शिरलं की खाज सुटते. पहिल्यांदा लागण झालेल्या मुलाला दोन ते सहा आठवडे काहीच जाणवत नाही, तोवर अर्ध्या दालनात ती पोहोचलेली असते. शाळेला वाटतं, कळवलं तर नाव खराब होईल. मग मुलं नाताळच्या सुट्टीत घरी येतात आणि आजी, धाकटी भावंडं, सगळ्यांना खाज सुरू होते. खरूज म्हणजे घाण घर किंवा घाण शाळा, ही समजूत चुकीची आहे. चांगल्या स्वच्छ वसतिगृहांतही ती येते, आणि वेळीच सांगितलं तर नीट जाते.

त्यासाठी एकाच रात्री सगळ्यांनी औषध लावायला हवं. दालनातल्या प्रत्येक मुलाला, खाज असो वा नसो, पर्मेथ्रिनचं पाच टक्के मलम मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत, नखांखाली आणि बेंबीतसुद्धा लावायचं, आठ ते चौदा तास ठेवून धुवायचं, आठवड्याने पुन्हा तसंच. चादरी, टॉवेल, आतले कपडे गरम पाण्यात धुवून उन्हात वाळवायचे. दुलया धुता येत नसतील तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तीन दिवस बाजूला ठेवल्या तरी चालतं. मूल या काळात घरी असेल तर घरच्यांनीही त्याच रात्री लावायचं. औषधानंतर दोन-तीन आठवडे खाज राहू शकते, त्याचा अर्थ औषध फसलं असा नव्हे. हे आधी सांगितलेलं नसलं की पालक घाबरून बाजारातली स्टेरॉईडची मिश्र मलमं चोपडतात आणि निदान अवघड होऊन बसतं. ती लावू नका.

कांजिण्या आणि गालगुंडाचंही तसंच. दोन्ही हिवाळ्याच्या अखेरीस, परीक्षांच्या तोंडावर जोर धरतात. कांजिण्या संपर्कानंतर दहा ते एकवीस दिवसांनी उमटतात, म्हणजे शनिवारी भेटायला आलेल्या गरोदर आत्याला आधीच सावध करणं शक्य असतं, पण शाळेने सांगितलं तर. ज्याने लस घेतलेली नाही अशा मुलाला संपर्कानंतर तीन ते पाच दिवसांत लस दिली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. इथे उशिरा आलेला निरोप निरुपयोगी. सरकारी मोफत लसीकरणात गोवर-रुबेलाची लस मिळते, गालगुंडाची त्यात नसते. त्यामुळे ‘सगळ्या लसी झाल्यात’ असं न लिहिता लसीच्या कार्डाची झेरॉक्स द्या. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, दम्याच्या मुलांनी तर नक्कीच. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदा देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, तेव्हा दिवाळीत घरी आल्यावर सुरुवात केली तर दुसरा डोस शाळेत द्यायला लागेल, तशी सोय आधी विचारून घ्या.

एका धोक्याबद्दल मात्र पालकांनी स्वतः जाऊन पाहावं. गरम पाण्यासाठी वसतिगृहाच्या न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल आणि वर हवेची झडप नसेल, तर तिथे कार्बन मोनॉक्साईड साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. बंद खोलीत पेटवलेल्या कोळशाच्या शेगडीतूनही तोच निघतो. आंघोळीहून आलेल्या मुलाचं डोकं दुखतंय, मळमळतंय, चक्कर येतेय आणि ताप नाही, आणि असं एकापेक्षा जास्त मुलांना होतंय, तर आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा. ऑक्सिमीटरवर आकडा चांगला दिसतो, त्यावर विसंबू नका, रुग्णालयात न्या. गीझर न्हाणीबाहेर बसवलेला असणं किंवा सौर, विजेचं पाणी असणं, हे पालकसभेत हात वर करून विचारण्यासारखं आहे.

राहिला रविवारचा फोन. ‘जेवलास का, बरा आहेस का’ याला मूल ‘हो’ म्हणतं आणि मित्रांकडे पळतं. त्याऐवजी विचारा : काल रात्री खोकल्याने जाग आली का? ओठ फुटलेत का, व्हॅसलीन संपलं का? पाण्याची बाटली दिवसात कितीदा भरलीस? थंडीत तहान लागत नाही, पाणी कमी पडलं की शौचाला कडक होतं, मुलींना लघवीला जळजळ होते, आणि मुलं हे कुणाला सांगत नाहीत. आंघोळीनंतर अंगाला खोबरेल लावतोस का? शेजारच्या खाटेवरचा कसा आहे? या शेवटच्या प्रश्नाला मुलं मोकळेपणी उत्तर देतात, आणि खोलीत काय चाललंय ते त्यातून कळतं. आवाज नेहमीपेक्षा बारीक वाटला, एका शब्दात उत्तरं आली, सलग दोन रविवार ‘घरी यायचंय’ एवढंच ऐकू आलं, तर पुढच्या रविवारची वाट पाहू नका. त्याच संध्याकाळी मेट्रनला फोन करा आणि गेल्या आठवड्यात मूल किती जेवलं, किती झोपलं, कुणाबरोबर बसतं हे विचारा.