बाजरीतील विविधता : शेतीच्या स्थैर्याचा आधार

एकसारख्या उंचीचे, एकाच वेळी निसवलेले आणि एकदमच कापणीस आलेले पीक पाहून समाधान वाटणे स्वाभाविक आहे. उंच-ठेंगण्या ताटांचे शेत त्यापुढे सदोष वाटते. परंतु हा दिसणारा दोषच पुष्कळदा पिकाचे रक्षण करीत असतो. बाजरीचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

बाजरीत परपरागीकरण होते. त्यामुळे स्थानिक वाणाच्या शेतातील कोणतीही दोन ताटे तंतोतंत सारखी नसतात. काही लवकर निसवतात, काही उशिरा. वैजापूर, गंगापूर, पैठण या तालुक्यांतील कोरडवाहू जमिनीत पावसाचा खंड ही नेहमीची बाब आहे. ऐन फुलोऱ्यात खंड पडला, तरी सर्व ताटे एकाच वेळी त्यात सापडत नाहीत. उत्पन्न घटते, पण शेत पूर्णपणे रिकामे राहत नाही.

एकसारखेपणाचे संकट

१९६५ मध्ये 'एच. बी. १' हा बाजरीचा पहिला संकरित वाण देशात प्रसारित झाला. उत्पादनात लक्षणीय वाढ झाली आणि अन्नटंचाईच्या त्या काळात ती आवश्यकही होती. तथापि, या वाणाची व त्यानंतर आलेल्या बहुतेक वाणांची मादी एकच होती : अमेरिकेतील टिफ्टन येथून आलेली 'टिफ्ट २३ ए'. ती गोसावी (केवडा) रोगास बळी पडणारी होती. या रोगात कणसात दाण्यांऐवजी पानांसारखा हिरवा झुपका येतो. १९७०-७१ मध्ये देशात बाजरीचे सुमारे ८० लाख टन उत्पादन झाले होते. १९७१-७२ मध्ये ते सुमारे ५३ लाख टनांवर आले. पावसाच्या प्रतिकूलतेबरोबरच गोसावी रोगाचा या घटीत मोठा वाटा होता.

१९७० मध्येच अमेरिकेतील मक्यावर करपा रोगाची अशीच साथ आली. तेथील बहुतेक संकरित मक्याचा मातृवंश एकच होता. सुमारे १५ टक्के पीक नष्ट झाले. देश वेगळे, पिके वेगळी. कारण मात्र एकच.

औरंगाबाद केंद्राचे कार्य

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील बाजरी संशोधन केंद्र परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. या केंद्राने इक्रिसॅट संस्थेच्या सहकार्याने 'समृद्धी' (ए.आय.एम.पी. ९२९०१) हा वाण विकसित केला. हा संकरित नसून संमिश्र वाण आहे. निवडक पण परस्परभिन्न ताटांचा आपसात संकर होऊ देऊन असे वाण तयार करतात. त्यामुळे निवडीचा लाभ मिळतो आणि विविधताही टिकते.

याचा अर्थ संकरित बियाणे त्याज्य आहे असा नव्हे. लोहयुक्त 'ए.एच.बी. १२००' हा संकरित वाणही याच केंद्राची देणगी आहे. धोका संकरात नसून, सर्वत्र एकाच वंशावर विसंबण्यात आहे.

गावपातळीवर काय करता येईल ?

संमिश्र वाणाचे बियाणे दोन-तीन हंगाम घरचे वापरता येते. मात्र ते एकाच टपोऱ्या कणसातून घेऊ नये, कारण त्यामुळे वंश अरुंद होतो. अन्य बाजरीपासून दूर असलेल्या शेताच्या मध्यभागातील, शेकडो निरोगी ताटांची कणसे एकत्र करून बियाणे धरावे. बाजरीच्या दोन ओळींनंतर तुरीची एक ओळ पेरल्यास हंगामाची जोखीम दोन पिकांत विभागली जाते.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या स्तरावर जैवविविधता व्यवस्थापन समित्यांची व लोक जैवविविधता नोंदवहीची तरतूद आहे. पंचायत सदस्यांनी ही नोंदवही केवळ दप्तरी न ठेवता, कोणते जुने वाण कोणाच्या घरी आहे याची नोंद तीत वृद्ध शेतकरी व महिलांकडून करून घ्यावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून शंभर ताटांची उंची व निसवण्याचा दिवस टिपून घ्यावा. विविधतेचा पाठ त्या आकड्यांतून आपोआप शिकवला जाईल.

मका आणि कापूस यांनी जिल्ह्यातील बाजरीचे क्षेत्र व्यापले आहे. ज्या घरातून बाजरीचे जुने बियाणे एकदा संपते, तेथे ते पुन्हा निर्माण करता येत नाही. उद्याचा पाऊस कसा असेल हे आज सांगता येत नाही. म्हणूनच त्याला तोंड देऊ शकणारे नानाविध बियाणे आज जपणे हे सर्वांचे कर्तव्य ठरते.