पाठाची चित्रफीत : आकाराचा हिशेब



एका शाळेच्या भेटीत पाचवीच्या वर्गातील गणिताच्या वह्या पाहत असता सात-आठ मुलांनी १२.५ च्या जागी १२५ लिहिल्याचे आढळले. सर्वांची चूक एकच, म्हणून विचारपूस केली. गुरुजींनी दशांश अपूर्णांकांचा वीस मिनिटांचा पाठ मोबाईलवर चित्रित करून पालकांकडे पाठविला होता. कोठेसे ऐकलेल्या १६ एमबीच्या मर्यादेत तो बसावा म्हणून त्यांनी तो आक्रसला, आणि त्यात फळ्यावरील दशांशचिन्हच नाहीसे झाले. गुरुजींचे शिकविणे निर्दोष होते, अक्षरही वळणदार होते. चुकला तो आकाराचा हिशेब. आणि तो तर चौथीच्या गणिताहून अवघड नाही.

फाईलचा आकार म्हणजे दर सेकंदाला खर्च होणारी माहिती गुणिले एकूण सेकंद. या दरास बिटरेट म्हणतात व तो किलोबिटमध्ये मोजतात. आठ बिटांचा एक बाइट होतो, हे विसरल्यास उत्तर आठपट चुकते. वरील पाठाचेच पाहा. १६ एमबी म्हणजे १,२८,००० किलोबिट. त्यास १,२०० सेकंदांनी भागले असता सेकंदास जेमतेम १०७ किलोबिट येतात. त्यांतील ६४ आवाजास दिले की चित्राच्या वाट्यास ४३ उरतात. एवढ्या तुटपुंज्या शिध्यात यंत्र प्रथम बारीकसारीक तपशील टाकून देते, आणि फळ्यावर टिंबाहून बारीक ते काय असणार? मराठीच्या पाठात याच रीतीने अनुस्वार जातो व ‘रंग’ चा ‘रग’ होतो.

यास्तव प्रथम आकार ठरवावा, मग भागाकार करावा. दहा मिनिटांचा पाठ ६० एमबीत बसवावयाचा असल्यास ४,८०,००० भागिले ६०० म्हणजे ८०० किलोबिट. आवाजाचे ६४ वजा जाता ७३६. थोडी सूट ठेवून ७०० धरावेत. हँडब्रेक या संगणकावरील विनामूल्य साधनात सरासरी बिटरेटच्या रकान्यात हा आकडा भरावा व काम दोन फेऱ्यांत करण्याचा पर्याय निवडावा. पहिल्या फेरीत यंत्र संपूर्ण चित्रफीत तपासते व दुसऱ्या फेरीत जेथे गरज अधिक तेथे अधिक बिट देते. वेळ सुमारे दुप्पट लागतो, परंतु आकार नेमका साधतो. आकाराची सक्ती नसेल तर मात्र स्थिर गुणवत्तेचा पर्याय बरा. तेथे आकडा जितका मोठा तितके चित्र हलके, ही उलटी रीत ध्यानात ठेवावी. १२८० गुणिले ७२० बिंदूंच्या चित्रास १९ ते २३ हे आकडे योग्य ठरतात.

आता मूळ प्रश्न असा की, मुळात एवढे आक्रसणे शक्य कसे होते? अशा चित्रातील प्रत्येक बिंदूस तीन बाइट व सेकंदास ३० चित्रे धरली, तर न आक्रसलेली दहा मिनिटांची चित्रफीत सुमारे ५० जीबी भरेल. ती ६० एमबीत मावते, कारण यंत्र प्रत्येक चित्र नव्याने लिहीत नाही. मागील चित्राहून जे बदलले तेवढेच मुख्यतः नोंदविते. पटावरील चाळीस नावे रोज न लिहिता आपण ‘तीन गैरहजर, बाकी हजर’ असे कळवावे, तसेच हे. फळा स्थिर असेल तर नोंदण्यासारखे थोडे असते. परंतु मोबाईल हातात धरून हलू दिला, तर प्रत्येक चित्रात सर्वच नावे बदलतात! खिडकीबाहेर वाऱ्याने हलणाऱ्या पिंपळाची पाने, फिरणारा पंखा, अंधारात चित्रण केल्याने उमटणारे रवेदार ठिपके हे सारे फळ्याच्या वाट्याचे बिट खाऊन टाकतात. म्हणून चित्रण करतानाच अर्धे काम होते, असे माझे मत आहे. मोबाईल स्टुलावर टेकवून ठेवावा, झाडाकडील खिडकी लावावी, उजेड फळ्यावर पडू द्यावा. फळ्याच्या पाठास सेकंदाला १५ चित्रेही पुरतात.

एच.२६५ ही नवी पद्धत त्याच दर्जास बरेच कमी बिट घेते. तथापि पालकांचे जुने मोबाईल ती चालवितीलच असे नाही. आपल्या कामास एच.२६४ हीच बरी. तयार फाईल व्हॉट्सॲपवर ‘व्हिडिओ’ म्हणून पाठविल्यास ते ॲप ती पुन्हा आक्रसते व आपला हिशेब वाया जातो. ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी.

त्या गुरुजींनी पुढे हजेरी व गप्प बसविण्याचा भाग कापला. उरलेल्या चौदा मिनिटांचे त्यांनी सात-सात मिनिटांचे दोन भाग केले आणि प्रत्येकास ४० एमबी दिले, म्हणजे सेकंदास सुमारे ७६० किलोबिट. पाठविण्यापूर्वी त्यांनी शाळेतील सर्वांत लहान मोबाईलवर भाग लावून एका मुलास फळ्यावरील शेवटची ओळ वाचावयास सांगितली. त्याने ‘बारा दशांश पाच’ असे वाचल्यावरच फाईल पालकांकडे गेली.