लसिकाग्रंथींची साक्ष

शाळेच्या पुस्तकांत रक्ताभिसरणाला मानाचे पान मिळते. धमन्या तांबड्या आणि नीला निळ्या दाखविणारा तक्ता बहुतेक शाळांतून टांगलेला असतो. शरीरातील दुसऱ्या एका वाहतुकीची मात्र चार ओळींत बोळवण होते. ती म्हणजे लसिकेची. पेशींच्या फटींत उरलेला पाण्यासारखा द्रव बारीक वाहिन्यांतून गोळा होतो आणि शेवटी मानेच्या मुळाशी पुन्हा रक्तात मिसळतो. वाटेत ठिकठिकाणी घेवड्याच्या दाण्यांसारख्या लहान ग्रंथी नाकेदाराप्रमाणे बसलेल्या असतात. पायाला ठेच लागून जखम चिघळली की जांघेत गाठ धरते. वडीलधारी माणसे तिला अवधाण म्हणतात. ती कामाला लागलेली लसिकाग्रंथीच होय.

हे सांगण्याचे कारण असे की, अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या अहवालात ‘ग्रंथींत पसरला आहे’ एवढे शब्द वाचून पुष्कळ कुटुंबे हातपाय गाळतात. पसरला म्हणजे संपले, असा अर्थ घेऊन कोणी रोग्यास घरी नेतात, तर कोणी त्यास नुसत्या काढ्यावर ठेवतात. आमच्या मते हा अर्थ चुकीचा आहे. शेजारच्या ग्रंथींत जाणे आणि यकृत, फुप्फुस किंवा हाडांत जाणे, या अगदी निरनिराळ्या गोष्टी आहेत.

अन्ननलिका सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची, मानेपासून जठरापर्यंत उतरणारी स्नायूंची नळी. तिच्या रचनेत दोन गोष्टी रोगाच्या पथ्यावर पडतात. आतड्यांना बाहेरून जसे गुळगुळीत आवरण असते, तसे हिला बहुतांशी नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हिच्या लसिकावाहिन्यांचे जाळे आतल्या अस्तराच्या अगदी लगत असून ते उभे, वरखाली पसरलेले आहे. त्यामुळे रोगाच्या पेशी जवळची ग्रंथी ओलांडून एकदम मानेच्या किंवा पोटाच्या वरच्या भागातील ग्रंथीत जाऊन बसू शकतात. रोग केवळ अस्तरापुरता असेल तेव्हा ग्रंथींत शिरकाव क्वचितच होतो. पण अस्तराखालच्या थरात पोहोचला की साधारण पाचांपैकी एका रोग्याच्या ग्रंथींत तो सापडतो. आणि इतक्या लवकर गिळताना त्रास बहुधा होतच नाही. नळी ताणली जाणारी असल्याने ती बरीच अरुंद झाल्यावर प्रथम भाकरीचा घास अडकतो, मग भात, मग पेजसुद्धा. घासामागून पाणी पिऊन माणसे महिने काढतात. भाकरीचा पहिला घास अडकला तेव्हाच दुर्बिणीची तपासणी झाली पाहिजे. तंबाखू, विडी किंवा दारूचे व्यसन असेल तर विशेषच. निपाणीच्या बाजारपेठेचा परिसर ज्यांना ठाऊक आहे, त्यांस याहून अधिक सांगणे नको.

आता मोजदादीकडे वळू. रोगाची पायरी ठरविण्याच्या टी.एन.एम. पद्धतीत ‘एन’ हे अक्षर ग्रंथींसाठी आहे. पूर्वी ग्रंथींत रोग आहे की नाही एवढेच पाहत, आणि पोटातील काही ग्रंथींत तो दिसला तर तो ‘दूर गेला’ असे धरीत. पुढे १३ रुग्णालयांतील ४,६२७ शस्त्रक्रियांच्या नोंदी एकत्र तपासण्यात आल्या. त्यांच्या आधारे २०१० पासून अमलात आलेल्या सातव्या आवृत्तीत हा हिशेब बदलला. ग्रंथी नेमकी कोठे आहे यापेक्षा किती ग्रंथी बाधित आहेत, यास महत्त्व आले. एकही नसेल तर एन-शून्य, एक किंवा दोन असतील तर एन-एक, तीन ते सहा असतील तर एन-दोन, सात किंवा अधिक असतील तर एन-तीन. ही पायरी वाढते तसे आयुर्मान उतरते. अमेरिकेतील अलीकडच्या नोंदींप्रमाणे रोग अन्ननलिकेपुरता असता पाच वर्षांनंतर जवळजवळ निम्मे रोगी हयात असतात. शेजारच्या ग्रंथींत गेलेला असता शंभरांत सुमारे अठ्ठावीस, आणि दूरच्या अवयवांत गेलेला असता पाच-सहाच. अठ्ठावीस हा आकडा समाधानाचा नव्हे. पण तो शून्यही नव्हे, आणि रोग्यास घरी नेणाऱ्यांनी तो शून्य समजलेला असतो.

नेदरलँड्समध्ये झालेली ‘क्रॉस’ नावाची चाचणी या दृष्टीने फार बोलकी आहे. तिचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. एकंदर ३६६ रोग्यांपैकी काहींवर थेट शस्त्रक्रिया झाली. उरलेल्यांना आधी पाच आठवडे औषधे व किरणोपचार देऊन मग शस्त्रक्रिया केली. काढलेल्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा पहिल्या गटात शंभरांत ७५ जणांच्या ग्रंथींत रोग होता, दुसऱ्या गटात ३१ जणांच्या. ग्रंथींत शिरलेला रोग उपचाराने पुसला जाऊ शकतो, याची ही साक्ष! मध्यम आयुर्मान पहिल्या गटात २४ महिने होते, ते दुसऱ्यात ४९ महिन्यांवर गेले. दहा वर्षांनंतर पाहिले तेव्हा हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे शेकडा २५ व ३८ भरले. औषधांची निवड पुढेही बदलत गेली आहे, आणि ती रोगाच्या जातीवर अवलंबून असते. ते काम तज्ज्ञांचे.

घरच्यांनी एक गोष्ट मात्र स्वतः पाहावी. शस्त्रक्रियेनंतरच्या अहवालात ‘२/१८’ अशासारखा आकडा असतो. काढलेल्या अठरा ग्रंथींपैकी दोहोंत रोग आढळला, असा त्याचा अर्थ. थेट शस्त्रक्रिया झाली असेल तर निदान पंधरा ग्रंथी तपासल्या जाव्यात, असे तज्ज्ञ मानतात. म्हणून ‘०/२०’ आणि ‘०/४’ ही दोन्ही शून्ये सारखी नव्हेत. दुसऱ्यात चारच नाकेदारांची जबानी झालेली असते.